‘बे’ हा उपसर्ग : रायगडच्या किनाऱ्यावरील तंत्रपदवीधरांची एक कहाणी

२०२३ सालच्या ऑगस्टमध्ये, तलाठी भरतीची परीक्षा सुरू असताना, आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात एक तरुण नियमित येत असे. तो आमचा विद्यार्थी नव्हे. संगणक अभियांत्रिकीची पदवी घेऊन त्याला तीन वर्षे झाली होती. त्याला हवे होते मराठी व्याकरण, कारण प्रश्नपत्रिकेत त्याचे पंचवीस प्रश्न असतात. एके दुपारी त्याने मार्गदर्शक पुस्तक पुढे सरकवून विचारले, “सर, ‘बेकार’ हा उपसर्गघटित शब्द ना? पर्यायात सामासिकसुद्धा दिलंय.” मी म्हटले, “उपसर्गघटित. ‘बे’ हा फारसी उपसर्ग.” त्याने पेन्सिलीने खूण केली आणि तो पुढच्या प्रश्नाकडे वळला. त्या शब्दाकडे त्याने परीक्षार्थीच्या नजरेने पाहिले. मी मात्र घरी जाईपर्यंत त्याच शब्दात अडकून पडलो.

त्या भरतीत ४,६४४ जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले होते. या अर्जदारांत अभियंते होते, व्यवस्थापनशास्त्राचे पदवीधर होते, हे वृत्तपत्रांनी सांगितले आणि नेहमीप्रमाणे हळहळ व्यक्त केली. माझ्या समोरच्या मुलाच्या बाबतीत त्या हळहळीला आणखी एक पदर होता. त्याच्या आजोबांची शेती याच किनाऱ्यावरच्या एका प्रकल्पासाठी संपादित झालेली. जमिनीच्या सातबाऱ्यावरून आजोबांचे नाव ज्या दप्तरात कमी झाले, ते दप्तर सांभाळणारा म्हणजे तलाठी. नातवाला आता तेच पद हवे होते. हा विरोधाभास त्याच्या ध्यानात आला होता की नाही, हे मी विचारले नाही. अशा गोष्टी विचारायच्या नसतात.

‘बेकार’ म्हणजे ज्याच्या हाती काम नाही असा. मूळ अर्थ एवढाच. परंतु मराठीने या शब्दाला आणखी एक अर्थ दिला. सिनेमा बेकार असतो, पेन बेकार निघते, दिवस बेकार जातो. काम नसणे आणि कामाचे नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आपल्या भाषेने एकाच शब्दात कोंबल्या. पुढे कधीतरी ‘सुशिक्षित बेकार’ ही जोडी रूढ झाली. तीत विशेषण आणि नाम एकमेकांना खिजवत असतात. मग सरकारी परिपत्रकांतून अधिक सभ्य असा ‘बेरोजगार’ आला. आणि या शतकाच्या पहिल्या दशकात ‘रोजगारक्षम नसलेले’ हे नवे विशेषण इंग्रजीच्या मागोमाग आले. शब्दांचा हा प्रवास वरवर पाहता सौम्यतेकडे जाणारा आहे. प्रत्यक्षात तो उलट दिशेने झाला, असे मला वाटते. ‘बेकार’ या शब्दाच्या मूळ अर्थात दोष कामाच्या अभावाचा होता. ‘रोजगारक्षम नाही’ म्हटले की तो माणसाच्या अंगी चिकटला. रायगडच्या किनाऱ्यावर गेल्या पन्नास वर्षांत काय घडले हे पाहिले, म्हणजे हा दोष नेमका कोणाच्या पदरात टाकायचा याचा निवाडा करता येईल. परंतु त्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

महाराष्ट्रातील तांत्रिक शिक्षणाचा आरंभ १८५४ साली पुण्यात झाला. आजच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे ते मूळ रूप. त्याचा हेतू अगदी मर्यादित होता : सार्वजनिक बांधकाम खात्याला कनिष्ठ अधिकारी हवे होते, ते तयार करणे. आदल्याच वर्षी बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली होती. पूल, कालवे, रस्ते, इमारती यांची कामे निघाली होती. म्हणजे आधी काम निघाले आणि मग ते करणारी माणसे घडवणारी शाळा निघाली. १८८७ साली मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट स्थापन झाली तेव्हाही शहरात कापडगिरण्यांची धुराडी आधीच उभी होती. हा क्रम ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

स्वदेशीच्या काळात या क्रमाला प्रथम उलटे वळण मिळाले. पैसा फंडातून तळेगावला १९०८ साली काचेचा कारखाना निघाला. तो कारखाना होता आणि शाळाही होता. कारागीर शिकतील, बाहेर पडतील आणि आपापल्या ठिकाणी काचेच्या भट्ट्या पेटवतील, अशी त्यामागची श्रद्धा. शिक्षणातून उद्योग जन्माला येईल, हा विचार तेव्हा नवा होता आणि उदात्तही होता. काचेच्या बाबतीत तो काही अंशी खराही ठरला. मात्र तळेगावात भट्टी आणि फळा एकाच आवारात होते, हे विसरून पुढच्या पिढ्यांनी फक्त फळा उचलला.

स्वातंत्र्यानंतर पंचवार्षिक योजनांनी अभियंत्यांची मागणी मोजायला सुरुवात केली आणि त्या मोजमापावर महाविद्यालये काढली. १९६५ आणि १९६६ च्या दुष्काळांनी ते गणित कोलमडले. १९६६ ते १९६९ या काळात योजनेलाच सुट्टी मिळाली, सरकारी बांधकामे थंडावली आणि या देशाने बेकार अभियंता प्रथमच मोठ्या संख्येने पाहिला. १९६८ साली केंद्राने अभियांत्रिकीच्या प्रवेशसंख्येला कात्री लावली. १९६१ चा शिकाऊ उमेदवारांचा कायदा मुळात फिटर-टर्नरांसाठी होता. १९७३ च्या दुरुस्तीने त्यात पदवीधर आणि पदविकाधारक अभियंतेही आले. पदवी घेतलेल्या माणसाला पुन्हा ‘शिकाऊ’ म्हणण्याची ती सोय आजही चालू आहे.

याच सुमारास ब्लॉग, लेयर्ड आणि वुडहॉल या तीन अर्थशास्त्रज्ञांनी भारतातील पदवीधरांच्या बेकारीवर एक पुस्तक लिहिले (१९६९). त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की पदवीधराची बेकारी म्हणजे बव्हंशी प्रतीक्षा होय. घरून पोसले जाण्याची सोय आहे तोवर तो आपल्या पदवीला साजेशी नोकरी शोधत राहतो. ज्याला ही सोय नाही तो मिळेल ते काम पत्करतो, म्हणून गरीब आणि निरक्षर माणूस बेकारांच्या यादीत फारसा दिसत नाही. हे म्हणणे अजून शिळे झालेले नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०२४ च्या अहवालाने २०२२ साली भारतातील तरुण पदवीधरांतील बेरोजगारी २९.१ टक्के दाखवली. लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांत ती ३.४ टक्के होती. हे आकडे ऐकून ‘मग शिकायचे कशाला’ असे म्हणणारे आमच्या प्राध्यापक कक्षातही आहेत. त्यांना एवढेच सांगावेसे वाटते, की ३.४ टक्क्यांच्या मागे सुख नाही, नाइलाज आहे.

या प्रतीक्षेचे वाङ्मयीन रूप बंगालीत ठळकपणे उमटले. सुनील गंगोपाध्याय यांच्या कादंबरीवरून सत्यजित राय यांनी १९७० साली ‘प्रतिद्वंद्वी’ काढला. त्यात मुलाखतीची खोली हेच एक रणांगण आहे. मराठीत मुलाखतीची खोली अशी मध्यवर्ती झाली नाही. आपल्याकडचा हातात काम नसलेला तरुण बहुधा कलाशाखेचा असतो किंवा शिक्षण अर्धवट सोडलेला असतो. ‘कोसला’चा (१९६३) पांडुरंग पदवीविना गावी परततो, जयंत पवारांच्या ‘अधांतर’मध्ये (१९९७) गिरणी संपानंतरच्या घरातली मुले जागच्या जागी कुजत जातात. अभियंता मात्र मराठी कथेत आला तो यशस्वी म्हणून : अमेरिकेला गेलेला, आईवडिलांना एकटे टाकणारा. चार वर्षे यंत्रांचे शिक्षण घेऊन घरी बसलेला मुलगा आपल्या कथा-कादंबऱ्यांत, निदान माझ्या वाचनात, क्वचितच भेटतो. संशोधनासाठी विषय शोधणाऱ्या विद्यार्थ्यांनी या अनुपस्थितीचा विचार करावा.

आता रायगड. १ जानेवारी १९८१ पर्यंत हा जिल्हा कुलाबा होता. त्याच्या आधुनिक इतिहासाचा मानबिंदू म्हणजे अलिबाग तालुक्यातील चरीचा शेतकरी संप. १९३३ च्या ऑक्टोबरमध्ये नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोतांची जमीन कसण्यास नकार दिला आणि तो नकार १९३९ पर्यंत टिकवला. सहा वर्षे जमीन पडीक! खारेपाटातल्या भाताशिवाय दुसरे काही न जाणणाऱ्या माणसांनी लाकडे विकून, मजुरी करून दिवस काढले. १९३७ साली डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १९३९ साली कुळ कायदा आला. आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनाने कसणाऱ्याला, निदान कायद्याच्या भाषेत, मालक केले. सहा वर्षांच्या त्या संपालाही कामाविना राहणेच म्हणावे लागेल. पण त्याला कोणी बेकारी म्हटले नाही, कारण काम नाकारणारे हात त्यांचे स्वतःचे होते.

कुळे मालक झाल्याला पुरती पंधरा वर्षेही झाली नव्हती, तोच जमिनीला नवे गिऱ्हाईक आले. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि उरण-पनवेल पट्ट्यातील गावे नव्या मुंबईच्या आराखड्यात गेली. बॉम्बे हायचा वायू किनाऱ्याला लागणार म्हणून अलिबागजवळ थळ-वायशेत येथे खताचा अजस्र कारखाना आला. तो १९८० च्या दशकाच्या मध्यास सुरू झाला. त्याच वायूवर नागोठण्याचे पेट्रोरसायन संकुल उभे राहिले. रेवदंड्याच्या समोर साळावला स्पंज लोखंडाचा कारखाना आला. १९८९ च्या मे महिन्यात न्हावा-शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले. त्याआधी, १९८४ च्या जानेवारीत, दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालील आंदोलनावर जासई परिसरात गोळीबार होऊन पाच शेतकऱ्यांचे प्राण गेले होते. विकसित जमिनीतला साडेबारा टक्के वाटा ही त्या आंदोलनाची देणगी. तिच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे.

कमी लिहिले गेले ते दुसऱ्या मागणीविषयी : घरटी एक नोकरी. या मागणीतून ‘प्रकल्पग्रस्त’ हा शब्द आणि त्याचा दाखला जन्माला आला. पुनर्वसनाचे कायदे १९७६, १९८६ आणि १९९९ असे तीनदा झाले. शासकीय नोकऱ्यांत प्रकल्पग्रस्तांसाठी आरक्षण आले. सातबाऱ्याच्या उताऱ्याच्या जागी घरातल्या पेटीत आता हा दाखला जपून ठेवला जाऊ लागला. जमिनीला वारस अनेक असतात, दाखला एकाच्या नावाने निघतो. भावाभावांतली कित्येक भांडणे या एका कागदापायी झालेली मी पाहिली आहेत.

पहिल्या पिढीतील थोड्यांना नोकऱ्या मिळाल्या. शिपाई, हेल्पर, खलाशी, माळी. इतरांना सांगण्यात आले की तुमच्यापाशी शिक्षण नाही. हे उत्तर रास्त वाटले आणि लोकांनी ते मनावर घेतले. मुलांना आयटीआयला घातले. ती फिटर, वेल्डर होऊन आली, तेव्हा पदविका लागते असे कळले. पदविका झाली, तेव्हा पदवी. १९८३ साली वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना दार उघडले होतेच. १९८९ साली खुद्द रायगडात, माणगाव तालुक्यातील लोणेरे येथे, डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाची स्थापना झाली. ज्या महाडमध्ये १९२७ चा सत्याग्रह झाला, त्याच्या वाटेवर, गोवा महामार्गाला लागून तंत्रविद्येचे विद्यापीठ व्हावे, यात केवढा अर्थ होता! तेथे पेट्रोरसायन अभियांत्रिकीची स्वतंत्र शाखाही निघाली. नागोठणे तेथून फार दूर नाही. सगळे जुळून आल्यासारखे दिसत होते.

जुळले नाही, आणि त्याचे कारण मुलांच्या गुणपत्रिकांत सापडणार नाही. ते कारखान्यांच्या रचनेत आहे. खताचा किंवा पेट्रोरसायनांचा कारखाना गिरणीसारखा नसतो. गिरणीत प्रत्येक मागापाशी माणूस लागे. येथे वायू नळातून आत येतो, दाबाखाली त्याचा अमोनिया होतो, अमोनियाचा युरिया होतो, आणि हा सारा प्रवास बंद नळ्यांतून चालतो. तो पाहायला नियंत्रण कक्षात एका पाळीला मोजकी माणसे पुरतात. उभारणी चालू असताना हजारो हात लागतात. एकदा यंत्र फिरू लागले की ते हात घरी जातात. बंदराचेही तेच. मुंबईच्या जुन्या गोदीत पाठीवरून पोती वाहणारे कामगार होते. न्हावा-शेवाचे बंदर जन्मतःच पेट्यांचे, म्हणजे कंटेनरचे, आणि ती पेटी क्रेन उचलते. या उद्योगांत गुंतवणूक प्रचंड होती, उत्पादनही प्रचंड होते, आणि म्हणूनच सर्वांना वाटले की नोकऱ्याही प्रचंड असतील. ज्यांनी आराखडे काढले त्यांना हे ठाऊक नव्हते असे म्हणता येत नाही. किती माणसे लागणार हे आराखड्यात लिहावेच लागते. पण ‘तुमच्यापाशी शिक्षण नाही’ हे वाक्य ‘आमच्यापाशी जागा नाही’ या वाक्यापेक्षा सोयीचे होते.

मग संगणक आला. मी १९९० च्या दशकाच्या शेवटी मराठीत एम. ए. करीत होतो. माझ्या आळीतली मुले संगणकाच्या वर्गांना जात होती. अलिबाग, पेण, पनवेलच्या बाजारपेठांत जिन्याखालच्या गाळ्यांतही असे वर्ग निघाले होते. सन २००० च्या अंकांचा घोळ निस्तरण्याचे काम जगभरातून भारतात येत होते आणि ‘जावा शिकलास की विमानात बसलास’ असे गंभीरपणे सांगितले जाई. या विद्येला जमीन लागत नव्हती, नळ लागत नव्हते, खोताची किंवा अधिकाऱ्याची मर्जी लागत नव्हती. कोळीवाड्यातील मुलालाही ती तितकीच जवळची होती. त्या आशेची मी टिंगल करणार नाही. तिच्यात समतेचा अंश खरोखर होता आणि काही घरांत तिने चमत्कारही केले. २००१ साली अमेरिकेतला फुगा फुटला तेव्हा काही मित्र पुण्याहून परत आले. २००८ च्या मंदीत त्यांच्या धाकट्या भावांची नेमणूकपत्रे महिनोन्महिने लांबली. पत्र हाती आहे आणि रुजू व्हायची तारीख नाही, ही अवस्था काय असते हे एका शेजाऱ्याच्या घरी मी जवळून पाहिले. त्याची आई पोस्टमनची वाट पाहत नसे, कारण पत्र ई-मेलने येणार होते. ती मुलाच्या चेहऱ्याची वाट पाहत असे.

या दोन पडझडींच्या मधोमध, २००५ साली, नॅसकॉम आणि मॅकिन्से यांचा तो प्रसिद्ध अहवाल आला. भारतातील तांत्रिक पदवीधरांपैकी सुमारे २५ टक्केच बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या कामास योग्य आहेत, असे त्यात म्हटले होते. मूळ विधान विशिष्ट प्रकारच्या नोकऱ्यांपुरते होते. भाषणांतून, अग्रलेखांतून ते फिरता फिरता ‘आपले पंच्याहत्तर टक्के अभियंते कुचकामी’ असे झाले. मागणी किती आहे हा प्रश्न मागे पडला. माल कसा आहे हा पुढे आला. शिकवणे अनेक ठिकाणी सुमार होते, प्रयोगशाळा कागदोपत्री होत्या, हे कोणीही प्रामाणिक शिक्षक नाकारणार नाही. परंतु उद्या सगळेच्या सगळे उत्तम झाले तर सगळ्यांना जागा आहेत काय, हे त्या अहवालाच्या आधारे बोलणाऱ्यांना कोणी विचारले नाही. थळला जे वाक्य आजोबांना ऐकवले गेले होते, तेच आता नातवाला नव्या इंग्रजीत ऐकवले जात होते.

रायगडच्या शेतकऱ्यांना हे साम्य विद्वानांच्या आधी कळले. २००६ नंतर पेण, उरण, पनवेल तालुक्यांत महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्राची घोषणा झाली, तेव्हा पुन्हा नोकऱ्यांचे आकडे सांगण्यात आले. २१ सप्टेंबर २००८ रोजी हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील २२ गावांत शासनानेच जनमत घेतले. जमीन द्यायची की नाही, असा सरळ प्रश्न शेतकऱ्याला विचारण्याचा हा प्रसंग देशात अपूर्व होता. त्या रांगांत उभ्या असलेल्या अनेकांच्या घरी तोवर एखादा पदविकाधारक मुलगा रिकामा बसलेला होता. नोकरीची गरज त्यांना नव्हती असे नव्हे. नोकरीच्या बदल्यात जमीन या व्यवहाराचा हिशेब त्यांनी एकदा पाहिला होता. पुढे तो प्रकल्प बारगळला.

महाविद्यालयांचा व्यवहार मात्र थांबला नाही. मध्यंतरी अभियांत्रिकीच्या जागा रिकाम्या राहू लागल्या, काही संस्थांना टाळे लागले. स्थापत्य आणि यंत्र या शाखा ओस पडल्या, संगणकाच्या शाखा फुगल्या. २०२४-२५ पासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने शाखानिहाय प्रवेशसंख्येची कमाल मर्यादाच काढली. आता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या नावाने जागा वाढत आहेत. १९६८ साली सरकारने मंदी पाहून जागा कमी केल्या होत्या. तो निर्णय दूरदृष्टीचा होता असे नाही, पण शिक्षण आणि काम यांचा काही संबंध असतो एवढे त्यात गृहीत होते. आज तो संबंध राखण्याची जबाबदारी पालकाच्या कर्जाच्या हप्त्यावर सोपवलेली आहे.

मुलींचे काय, हा प्रश्न या साऱ्या इतिहासात शेवटी येतो, ही त्या इतिहासाचीच तऱ्हा. संगणक शाखेत मुली मोठ्या संख्येने आल्या, कारण ते ‘बसून करायचे काम’. पदवीनंतर वर्ष-दोन वर्षे नोकरी मिळाली नाही की मुलगा बेकार ठरतो. मुलीचे लग्न ठरते. मग ती कोणत्याच यादीत राहत नाही. लोणेऱ्याहून पदवी घेतलेली एक विद्यार्थिनी, जी अकरावीत माझ्या मराठीच्या तासाला होती, हल्ली गावातल्या सेवा केंद्रात उत्पन्नाचे दाखले आणि शेतकऱ्यांचे अर्ज संगणकावर भरून देते. कामात तरबेज आहे. जनगणनेच्या प्रगणकाने विचारले तर सासरे काय उत्तर देतील, मला ठाऊक नाही.

त्या ऑगस्टमधल्या मुलाला आमच्या ग्रंथालयात व्याकरण शिकवायचे ते प्रत्यक्षात माझ्याहून अधिक माझ्या विभागातील एका तरुण सहकाऱ्याने. तो सेट उत्तीर्ण आहे, पीएच. डी. आहे, आणि गेली आठ वर्षे तासिका तत्त्वावर शिकवतो. मे महिन्यात त्याला तासिकाही नसतात आणि तत्त्वही नसते. दोघे खिडकीपाशी बसून समास सोडवत. परीक्षेच्या दिवशी दोघेही नव्हते. मला वाटले, सहकारी धीर देण्यासाठी त्या मुलासोबत केंद्रावर गेला असावा. दुसऱ्या दिवशी आल्यावर तो म्हणाला, “सर, सांगायचं राहिलं. फॉर्म मीही भरला होता.”